खानापूर-बेळगावात सरकारी कागद मराठीत मिळत नाहीत, नियम असूनही?

नियम आहे, पण त्याला दात नाहीत. 1956 चे केंद्राचे निवेदन आणि 1961 ची मुख्यमंत्री परिषद यांतून ठरलं की जिल्हा, तालुका किंवा नगरपालिकेत भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात. हा कायदा नव्हे, सरकारांमधलं सामंजस्य. कर्नाटक राज्याचा 1963 चा राजभाषा कायदा मात्र कायदा आहे, आणि तो कन्नडचा. राज्यघटनेच्या कलम 350ब खालचा भाषिक अल्पसंख्याक आयुक्त अहवाल देतो, दंड करू शकत नाही.

राजकीय अडचण उघड आहे. मराठीत एक नोटीस काढली तरी बेंगळुरूत ती सीमाप्रश्नावरची माघार ठरते, आणि 2004 पासून सुप्रीम कोर्टात दावा असल्यामुळे कुणी स्वतःहून पाऊल उचलत नाही.

काय करता येतं? 'सगळं मराठीत द्या' म्हणू नका. असा अर्ज सरळ फाईलबंद होतो. एकच कागद धरा, समजा ग्रामसभेची नोटीस. जनगणनेतला आपल्या तालुक्याचा भाषावार तक्ता (सी-16) जोडा, पीडीओकडे (पंचायत विकास अधिकारी) द्या, एक प्रत डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला. सोबत कन्नड प्रत ठेवा, नाहीतर 'समजलं नाही' हे कारण तयारच असतं. शिक्का-तारखेची पोच घेतल्याशिवाय हलू नका.

कलम 350 मुळे तक्रार मराठीत देता येते. उत्तर मराठीतच मिळेल असं त्यात कुठेही नाही. बहुतेकांची गल्लत इथंच होते.