डिस्टिल्ड, डीआय की आरओ? वाचकांचे पाण्याचे प्रश्न

प्रश्न : इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर संपलंय. घरच्या आरओचं पाणी घातलं तर चालेल का? मीटरवर टीडीएस ३०च दाखवतोय.

नका घालू. प्यायला ३० म्हणजे कमीच आहे, पण बॅटरीला तेवढंही नको असतं. ३० टीडीएस म्हणजे लिटरमागे साधारण ३० मिलिग्रॅम क्षार, आणि चार्जिंग होताना पाणी फुटून त्याचा हायड्रोजन-ऑक्सिजन होऊन उडून जातो पण क्षार कुठेच जात नाहीत, आतच बसतात, आणि तुम्ही दर टॉपअपला त्यात भर घालत राहता. क्लोराईडने शिशाच्या प्लेटा झिजतात, लोखंडाचा अंश असला तर बॅटरी नुसती पडून असली तरी उतरते. उकळून गार केलेलं पाणी तर त्याहून वाईट, कारण वाफ गेली नि क्षार सगळे भांड्यातच राहिले. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बरेच जण वापरतात, ते असतं हवेतल्या बाष्पाचंच, पण धुळीने माखलेल्या कॉइलवरून येतं, त्यामुळे त्याचा भरवसा नाही. आणि हो, टॉपअपला ॲसिड घालायचं नसतं, कमी होतं ते फक्त पाणी.

प्रश्न : डिस्टिल्ड आणि डीआय म्हणजे डीआयोनाइज्ड (काही कॅनवर डीएम, म्हणजे डीमिनरलाइज्ड, लिहिलेलं असतं) एकच ना?

बॅटरीपुरतं म्हणाल तर दोन्ही चालतात. पण बनवायची रीत उलटी आहे. डिस्टिलेशनमध्ये पाण्याची वाफ करून ते घाणीपासून लांब नेतात, डीआयमध्ये पाणी तिथेच राहतं आणि त्यातले क्षार ओढून घेतात. रेझिनचे बारीक मणी असतात, एका जातीचे मणी कॅल्शियम, सोडियम पकडून हायड्रोजन आयन (विद्युतभार असलेले कण) सोडतात, दुसऱ्या जातीचे क्लोराईड, सल्फेट पकडून हायड्रॉक्साइड सोडतात, आणि हे सोडलेले दोघं भेटले की त्यांचं पाणीच होतं. मला ही युक्ती फार आवडते, कारण घालवलेल्या क्षाराच्या जागी शेवटी पाणीच येतं. मणी भरले की ॲसिड आणि कॉस्टिकने धुऊन परत कामाला लावायचे.

गोम अशी की रेझिनला विद्युतभार असलेलं तेवढंच नीट दिसतं. साखर, अल्कोहोल, बरीचशी कीटकनाशकं यांना भारच नाही, ती सरळ निघून जातात, आणि जंतू तर रेझिनच्या ओल्या थरात मजेत वाढतात. डिस्टिलेशनमध्ये जंतू मागे राहतात, पण पाण्याच्या आसपास उकळणारी किंवा त्याआधी उडणारी रसायनं वाफेबरोबर पुढे येऊ शकतात. म्हणून लॅबमध्ये एकावर भागत नाही, आरओ, मग डीआय, मग यूव्ही असं एकामागे एक लावतात. सगळ्यात शुद्ध पाण्याची रोधकता, म्हणजे वीज अडवण्याची क्षमता, २५ अंशांना १८.२ मेगाओहम-सेंटीमीटर येते, पण तो आकडासुद्धा फक्त आयनांचं सांगतो, सेंद्रिय कार्बन वेगळा मोजावा लागतो.

प्रश्न : डिस्टिल्ड वॉटर प्यायलं की शरीरातले क्षार धुऊन निघतात असा मेसेज फिरतोय, खरंय का?

एखाददुसरा ग्लास प्यायला तर काही होत नाही. आपले बहुतेक क्षार जेवणातून येतात, पाण्यातून थोडेच. रोज तेच पिणं मात्र मी सुचवणार नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियम फुकट मिळतंय तर सोडा कशाला, आणि चवही अगदी सपक. बॅटरीसाठी म्हणून विकलेलं तर पिऊच नका, ते पाणी नि तो कॅन दोन्ही खाण्यापिण्याच्या नियमाने बनलेले नसतात.

प्रश्न : यूव्ही प्युरिफायर बसवला पण टीडीएस होता तेवढाच आहे. फसवलं का आम्हाला?

नाही हो, यूव्हीचं ते कामच नाही! २५४ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश जंतूंचा डीएनए बिघडवतो, क्षाराला हातही लावत नाही. पाणी गढूळ असेल तर जंतू कणांच्या आड लपतात, म्हणून आधी फिल्टर हवाच. आणि टीडीएस मीटर तरी काय करतो, पाण्यातून वीज किती वाहते ते बघून क्षाराचा अंदाज देतो. जंतू त्याला कळत नाहीत, त्यामुळे आकडा कमी आला म्हणजे पाणी सुरक्षित असं अजिबात नाही.

प्रश्न : वडिलांना सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं) लागतं, त्याच्या ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्डच का? आणि नाक धुवायला आरओचं चालेल ना?

मशीनमध्ये डिस्टिल्ड सांगतात ते मुख्यतः पांढरा थर जमू नये म्हणून. ते निर्जंतुक असेलच असं नाही, तेव्हा टाकी रोज रिकामी करून धुवा, कालचं पाणी ठेवू नका.

नाकाचं प्रकरण वेगळं आहे, तिथे क्षारापेक्षा जंतूंची भीती. नेग्लेरिया फाऊलेरी नावाचा अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून मेंदूत पोचला तर माणूस क्वचितच वाचतो. असं फार कमी वेळा घडतं, पण टाळणं सोपं आहे. घरचा आरओ आहे म्हणून विसंबू नका, त्याच्या टाकीत नि नळीत नंतर जंतू शिरू शकतात. पाणी खळखळून १ मिनिट उकळा (साडेसहा हजार फुटांहून उंचावर राहत असाल तर ३ मिनिटं), झाकून गार करा आणि मगच वापरा. नुसतं पाणी नाकात झोंबतं, त्यात डॉक्टर सांगतील तेवढं मीठ घाला.