तिसरं वर्ष परदेशात : वाचकांचे प्रश्न

ब्रिटनमध्ये फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन अशा भाषांची पदवी साधारणपणे चार वर्षांची असते आणि तिसरं वर्ष त्या भाषेच्या देशात काढायचं असतं. तिथल्या मराठी घरांतून आलेले या वर्षाबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मुलगी फ्रेंच आणि स्पॅनिश घेऊन दुसऱ्या वर्षात आहे. तिकडच्या विद्यापीठात शिकायचं, शाळेत इंग्रजीची सहायक व्हायचं की कंपनीत उमेदवारी करायची, हे तिला लवकरच कळवायचं आहे. काय घ्यावं? (एक आई, रेडिंग)

उत्तर : मुलगी अनोळखी माणसांत बोलायला भिडस्त असेल तर शाळा घ्यावी. तिथे पहिल्या दिवसापासून तिला एक जागा असते, ओळखी आपोआप होतात. फ्रान्समध्ये हे काम १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल, आठवड्याला १२ तास असतं आणि ब्रिटनमधून त्याचा अर्ज ब्रिटिश कौन्सिलमार्फत जातो. गाव निवडता येत नाही, विभागांचा पसंतीक्रम तेवढा देता येतो. लहान गाव मिळालं तर हिरमुसू नये. पॅरिसमध्ये फ्रेंच अडखळलं की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो, गावात तसं होत नाही. मात्र वर्गातले ते १२ तास ती इंग्रजीच बोलणार, हे विसरू नका. म्हणून उरलेला आठवडा मुद्दाम बांधावा लागतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये बहुतेक गावांत स्थानिक मंडळांचा मेळावा भरतो आणि गायनवृंद, हँडबॉल, गिर्यारोहण यांची वर्षाची नोंदणी तिथे होते. शक्य असेल तर त्याच सुमारास पोचावं.

विद्यापीठात शिकायचं तर पूर्ण वर्षाचे ६० युरोपीय क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या भाराचे गुण, असतात. त्यातले किती मिळवायचे हे आपलं विद्यापीठ ठरवतं. ते लेखी घ्या. स्पेनमधली नेहमीची चूक म्हणजे शहराच्या प्रेमाने बार्सिलोना घेणं. तिथे बरेच विषय स्पॅनिशऐवजी कातालान या स्थानिक भाषेत शिकवले जातात. विषयाच्या माहितीपत्रकात शिकवण्याची भाषा दिलेली असते, ती पाहूनच नाव नोंदवावं. निव्वळ स्पॅनिश हवी तर सालामांका किंवा ग्रानादा बरं.

फ्रान्समधल्या उमेदवारीला कंपनी, विद्यापीठ आणि विद्यार्थी अशा तिघांच्या सह्यांचा करार लागतो. दोन महिन्यांहून जास्त काळ असेल तर मोबदला देणं कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा फुकट राबवणारी जागा सोडून द्या.

दोन भाषांसाठी वर्ष अर्धं अर्धं वाटण्याचा मोह होतो. पण २०२१पासून ब्रिटिश पासपोर्टवर शेंगेन देशांत (फ्रान्स, स्पेन धरून सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांत) १८० दिवसांत ९० दिवसच व्हिसाविना राहता येतं. म्हणजे दोन देशांत दीर्घ मुक्काम करायचा तर दोन व्हिसे, आणि दुसऱ्यासाठी बहुधा मध्येच ब्रिटनला परत यावं लागतं. त्यापेक्षा वर्ष फ्रान्सला द्यावं आणि उन्हाळ्यात स्पेनमध्ये ९० दिवसांच्या आतला भाषावर्ग करावा.

प्रश्न : मुलाचा जन्म साताऱ्याचा. भारतीय पासपोर्ट आहे, ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याचा परवाना आहे. पुढे नागरिकत्व घ्यायचं आहे. वर्षभर बाहेर राहिल्याने अडेल का? (वडील, लेस्टर)

उत्तर : परवाना जात नाही, तो सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलं तर रद्द होतो. हिशोब नागरिकत्वाचा करायला हवा. अर्जाआधीच्या पाच वर्षांत ब्रिटनबाहेरचे दिवस साधारण ४५०च्या आत आणि शेवटच्या १२ महिन्यांत ९०च्या आत हवेत. परदेशातलं शैक्षणिक वर्ष एकटंच २७० ते ३०० दिवस खातं, त्यात भारतातल्या सुट्ट्या मिळवा. शिवाय अर्ज पोचण्याच्या तारखेच्या बरोबर पाच वर्षं आधी तो प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये असायला हवा. २०२६-२७ बाहेर काढलं, तर २०३१-३२मध्ये अर्जाची तारीख जपून निवडावी लागेल.

परवाना मिळून १२ महिने झाले असतील तर जाण्याआधीच अर्ज करावा असं वाटेल. त्यात एक खोच आहे. मंजुरीनंतर शपथविधी ब्रिटनमध्ये होतो आणि निमंत्रण आल्यावर त्यासाठी साधारण तीन महिनेच असतात. शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व संपतं. म्हणजे ज्या पासपोर्टवर फ्रान्सचा व्हिसा आहे तोच वर्षाच्या मध्यात निकामी होतो. म्हणून शपथ आणि नवा पासपोर्ट व्हिसाच्या आधी उरकत असेल तरच आता अर्ज करा, नाहीतर परत आल्यावर.

जन्मदाखला आजच काढून बघा. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा पुष्कळदा कोरी असते. नाव असलेला, आईवडिलांची नावं पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळणारा दाखला हवा. फ्रान्समध्ये घरभाड्याच्या सरकारी मदतीसाठी तो मागतात. त्यावर अपॉस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून सरकार देतं ते प्रमाणन) मागितलं, तर भारतीय कागदावर ते भारतातच होतं : आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. लंडनमध्ये ते होत नाही. गावाकडे कुणाला तरी पळापळ करावी लागते आणि त्यात आठवडे जातात. अधिकृत अनुवादकाकडून भाषांतर अपॉस्टिलनंतर करावं, म्हणजे शिक्क्याचंही भाषांतर होतं.

प्रश्न : त्या वर्षी फी पूर्ण भरायची का? (मिल्टन कीन्स)

उत्तर : नाही. इंग्लंडमध्ये पूर्ण वर्ष परदेशात असेल तर कमाल फीच्या १५ टक्केच घेता येते. २०२५-२६साठी ही रक्कम १,४३० पौंड.

प्रश्न : फ्रान्समध्ये खोली इथूनच पैसे भरून पक्की करावी का? (विद्यार्थी, लीड्स)

उत्तर : न पाहता पैसे पाठवू नका. पहिले आठ-दहा दिवस होस्टेलचे धरा. एक ते दहा महिन्यांसाठी फर्निचरसकट घराचा 'बाय मोबिलिते' नावाचा भाडेकरार असतो; त्यात अनामत घेता येत नाही. फ्रेंच जामीनदार नसेल तर 'विझाल' ही हमी फुकट मिळते. किल्ली घेताना घराच्या स्थितीची यादी लिहितात, त्यात भिंतीवरचा प्रत्येक डाग नोंदवून घ्या आणि फोटो काढा. घरातले सोबती मात्र फ्रेंचच शोधा. ब्रिटिश वर्गमित्रांबरोबर राहिलात तर संध्याकाळी कानावर इंग्रजीच पडेल.

प्रश्न : घरी मराठी, बाहेर इंग्रजी. माझे फ्रेंच उच्चार इंग्रजी वळणाचे आहेत असं सांगतात. वर्षभरात सुधारतील? (विद्यार्थिनी, लंडन)

उत्तर : सुधारतील, आणि किल्ली तुमच्या घरातच आहे. इंग्रजी ट, ड टाळूजवळ लागतात. फ्रेंच आणि स्पॅनिशचे दातांवर, आपल्या 'तात्या' आणि 'दादा'सारखे. इंग्रजीत शब्दारंभी प, क यांच्यामागे हवा सुटते, फ्रेंचमध्ये नाही. 'पापड'मधला प तोच फ्रेंच प. आधी मराठी शब्द म्हणा, मग लगेच फ्रेंच. 'ई' म्हणत जीभ तिथेच ठेवून ओठ 'ऊ'चे केले की फ्रेंच u हा स्वर निघतो. अनुनासिक स्वरानंतर 'न्' वाजू देऊ नका. घशातल्या र ला मराठीचा आधार नाही, त्याला महिने लागतात.

'तू' आणि 'तुम्ही'ची जाण तुम्हाला आहेच. वडीलधाऱ्यांनी सुचवेपर्यंत 'वू' (फ्रेंच 'तुम्ही') सोडू नका. लिंगाच्या बाबतीत मात्र मराठीवर विसंबू नका. आपला सूर्य 'तो', फ्रेंचमध्येही पुल्लिंगी. पण आपला चंद्र 'तो' आणि फ्रेंच 'ल्यून' स्त्रीलिंगी. शब्द नेहमी त्याच्या आधी येणाऱ्या 'ल' (पुल्लिंगी) किंवा 'ला'सकटच (स्त्रीलिंगी) पाठ करा.

पोचल्याच्या आठवड्यात वर्तमानपत्रातल्या दहा ओळी वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करा. तोच उतारा डिसेंबरमध्ये पुन्हा, एप्रिलमध्ये पुन्हा. कुठल्या अक्षराला अजून इंग्रजी चिकटलंय ते तुमचं तुम्हालाच ऐकू येईल.