स्ट्रोकनंतर मेंदू स्वतःला कसा सावरतो, हे गणिताने सांगता येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: वडिलांना स्ट्रोक येऊन चार महिने झाले. उजवा हात फिजिओथेरपीत बराच हलतो, पण एरवी मांडीवर पडून असतो. मेंदूच्या सावरण्याची गणिती मॉडेल्स असतात, तर हात कधी आणि किती सुधारेल हे त्यातून कळेल का?

मी अशाच मॉडेल्सवर काम करते, डॉक्टर नाही. तारीख कुठलंच समीकरण देणार नाही. पण "थेरपीत हलतो, एरवी पडून असतो" हे तुम्ही सहज लिहून गेलात ना, त्याबद्दल गणिताला बरंच सांगता येतं.

2008 साली हान, आर्बिब आणि श्वाइगहोफर या संशोधकांनी एक मॉडेल मांडलं. त्यात मेंदूचे दोनच भाग घेतलेत. पहिला हालचालींचा. इथल्या प्रत्येक चेतापेशीची एक आवडती दिशा असते आणि सगळ्यांच्या मतांची बेरीज होऊन हात कुठे जायचा ते ठरतं. स्ट्रोक म्हणजे त्यातल्या काही दिशांच्या पेशी पुसून टाकायच्या. सराव चालू राहिला, तर उरलेल्या पेशी आपली दिशा हळूहळू वळवून ती पोकळी भरत जातात. दुसरा भाग निवडीचा: समोरची वस्तू कोणत्या हाताने घ्यायची? ज्या हाताने काम नीट होतं, त्याच्याकडे पुढच्या वेळी कल वाढतो.

हे दोन भाग एकमेकांना जोडले की काय होतं, ते एका खेळण्यातल्या हिशेबाने दाखवते. आकडे माझेच, फक्त समजण्यासाठी. हाताची क्षमता 0 ते 100 धरा. क्षमता कमी असली की माणूस तो हात क्षमतेच्याही मानाने कमी वापरतो, कारण दुसऱ्या हाताने काम पटकन उरकतं. चांगली असली की बिनधास्त वापरतो. समजा 45 क्षमतेला वापर 38 आणि 55 क्षमतेला 62. आता नियम एकच: क्षमता रोज वापराच्या दिशेने फरकाच्या एक शतांश सरकते. म्हणजे पहिला हात दिवसाला 0.07 ने उतरतो, दुसरा तेवढाच चढतो. पहिल्या आठवड्यात कुणाला फरक कळणारही नाही. पण हिशेब पुढे चालवत राहा. वर्षभरात एक हात जवळजवळ निकामी आणि दुसरा जवळजवळ पूर्ववत. मध्ये 50 चा उंबरठा आहे, आणि त्यावर कुणी टिकत नाही. स्क्रीनवर या दोन रेषा फाकताना मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा बराच वेळ नुसती बघत बसले होते. सुरुवातीचा फरक इतका कमी होता!

मूळ मॉडेलचा निष्कर्षही हाच. थेरपीने वापर उंबरठ्यापलीकडे नेला, तर पुढे रोजचा वापरच थेरपीचं काम करतो. थेरपी उंबरठ्याच्या आधीच थांबली, तर कमावलेलं ओसरतं. एक्साइट नावाच्या चाचणीत 222 रुग्णांवर धडधाकट हात मोज्यात अडकवून दुसऱ्याला कामाला लावण्याचा उपचार तपासला गेला होता. श्वाइगहोफर आणि सहकाऱ्यांना पुढे तिच्या आकडेवारीतही असा उंबरठा दिसून आला. हा मोज्याचा प्रयोग मात्र थेरपिस्टशिवाय घरी करू नका. सगळ्यांना तो चालत नाही, आणि तोल गेला तर सावरायला तोच चांगला हात लागतो.

याला प्रत्यक्ष मेंदूतलाही आधार आहे. 1996 मध्ये नुडो यांच्या गटाने स्क्विरल माकडांवर केलेला प्रयोग आहे. मेंदूतल्या हाताच्या भागात छोटी इजा झाल्यावर सराव दिला नाही, तर शेजारचा शाबूत भागही हाताचं काम सोडत गेला. सराव दिला, तर तो टिकला. काही माकडांत तर कोपर-खांद्याच्या जागेतही पसरला.

तुम्हाला कुठेतरी "सत्तर टक्के नियम" सांगितला जाईल. हाताची हालचाल मोजणारी फ्यूगल-मायर चाचणी 66 गुणांची. सुरुवातीला 30 असतील तर गमावलेले 36, त्यातले 70 टक्के म्हणजे सुमारे 25 परत येतात आणि माणूस 55 पर्यंत पोहोचतो, असं ते गणित. हा नियम घरच्यांच्या तोंडावर फेकला जातो याचा मला राग येतो. सुरुवातीचा तोटा जास्त असलेले बरेच रुग्ण त्यात बसतच नाहीत. शिवाय "सुधारणा" म्हणजे शेवटचे गुण वजा सुरुवातीचे गुण. सुरुवातीचे गुण तुलनेच्या दोन्ही बाजूंना आले, की तोटा आणि सुधारणा यांतलं नातं आहे त्याहून घट्ट भासतं. 2019 मध्ये संशोधकांनी हेच दाखवून दिलं. म्हणूनच त्यातून एखाद्या माणसाचं भविष्य काढणं चूक आहे.

उंबरठ्याच्या मॉडेललाही मर्यादा आहेत. मेंदूपासून मणक्यात उतरणारे तंतू किती शाबूत आहेत, हे त्यात नाही, आणि खऱ्या आयुष्यात त्यावर फार काही अवलंबून असतं. थकवा, दुखणं, मनाची उभारीही त्यात नाही. म्हणून वडिलांचा उंबरठा नेमका कुठे आहे, हे मी सांगू शकत नाही.

पण एक मोजमाप तुमच्या हातात आहे. थेरपीत हात काय करू शकतो हे फिजिओथेरपिस्ट मोजतातच. तुम्ही आठवडाभर फक्त एवढं टिपा: कुणी सांगितलं नसताना बाबांनी उजवा हात दिवसातून किती वेळा पुढे केला. पांघरूण ओढताना, दार ढकलताना, चष्मा सरळ करताना, सगळं धरा. तो कागद थेरपिस्टना दाखवा आणि विचारा, हा आकडा वाढवायला पुढच्या महिन्यात काय बदलायचं.