घरच्या दुकानाला शटर नसतं

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या बायकांमध्ये घरून काही ना काही करणाऱ्या बऱ्याच असतात, कुणाचे डबे, कुणाच्या ट्यूशन, कुणाचं पार्लर, आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य जवळपास एकच. "मॅडम, दिवसभर घरीच तर असते, तरी वेळ पुरत नाही, माझंच काहीतरी चुकतंय." त्यातल्याच एका ताईंबद्दल आज लिहितेय. त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्यात आणि नाव घेत नाही, नुसतं ताई म्हणते.

ताई जुन्या बडोद्यात, दांडिया बाजारच्या बाजूला तळमजल्यावर राहतात. मिस्टर मकरपुऱ्याला कंपनीत शिफ्टमध्ये, मुलगा सातवीत, घरात सासूबाई. बारा वर्षांपासून ब्लाउज, फॉल-पिको, ड्रेस, आणि श्रावण संपत आला की चणियाचोळी, म्हणजे गरब्याची घागरा-चोळी. आता बडोद्यात राहणाऱ्याला काय सांगायचं, नवरात्राच्या आधीच्या महिन्यात इथे शिवणाऱ्या माणसाची काय हालत असते ते, नऊ रात्रींचे नऊ घालायचे असतात पोरींना आणि प्रत्येकीला घेर आदल्या वर्षीपेक्षा जास्त हवा असतो.

गणपती नुकतेच उठले होते तेव्हा त्या पहिल्यांदा आल्या. हातात एक वही, त्यात रंगीत पेनांनी केलेलं टाइमटेबल, साडेपाचला उठणे, सहा ते साडेसहा योगा, असं रात्री साडेदहापर्यंत आखलेलं, कुठल्या तरी व्हिडिओत बघून. "सोमवारी जमलं. मंगळवारी मोडलं," म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. मग हळूहळू खरं काय ते बाहेर आलं. मुलाच्या शाळेच्या शर्टाचं बटण तुटलं होतं, चार दिवस सांगत होता, आईला ऐकूच जात नव्हतं. शेवटी त्याने वडिलांच्या नव्या नंबरवरून, जो ताईंकडे सेव्ह नव्हता, गुजरातीत मेसेज टाकला, "बेन, मारा शर्टनुं बटन क्यारे लागशे?" आणि ताईंनी मशीनवर बसल्या बसल्या न बघता उत्तर दिलं, "बुधवारे लई जजो," म्हणजे बुधवारी घेऊन जा. पोरगा हसत हसत सगळ्यांना दाखवत फिरला, मिस्टर पण हसले, सासूबाई पण. ताईंना मात्र ते रात्रभर लागलं.

झोप कशी आहे, छातीत धडधडतं का, खाणं वेळेवर होतं का हे मी आधी विचारते, कारण प्रत्येक थकवा मनाचाच असतो असं काही नाही. ताईंना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. आणि एक नंबरही लिहून दिला, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, रात्री दोन वाजता जीव घाबरला तरी कुणीतरी बोलायला असतं. तो लागला नाही त्यांना, पण पर्समध्ये असलेला बरा.

आता माझी चूक सांगते. पहिल्याच वेळी मी म्हटलं, ताई, दहा ते पाच काम करा, पाचनंतर बंद. ऐकायला किती छान. पण त्यांची निम्मी गिऱ्हाईकं शाळेत नाहीतर बँकेत नोकरी करणाऱ्या, त्या येणारच संध्याकाळी सहानंतर. म्हणजे मी पण त्या व्हिडिओसारखंच एक टाइमटेबल हातात दिलं, फक्त रंगीत पेनं नव्हती. चार दिवसांत फोन, "मॅडम, नाही जमत."

मग मी वेळापत्रकाचा नादच सोडला आणि सांगितलं, सात दिवस काही बदलू नका, फक्त मशीनवरून उठावं लागलं की वहीत एक ओळ लिहा, किती वाजता आणि कशासाठी, बस. ती वही आली तेव्हा आम्ही दोघी बघतच बसलो. सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत "कामावर" असलेल्या बाईचं मशीन प्रत्यक्षात चार-साडेचार तास चाललं होतं. एका दिवसात बेल सतरा वेळा. त्यात ब्लाउज न्यायला आलेल्या चौघी, बाकी कुणी माप द्यायला, कुणी "झालं का" विचारायला, कुणी नुसतं "दोन टाके मारून दे ना" म्हणत. लेस कमी पडली म्हणून आठवड्यात तीनदा मंगळबाजारच्या बाजारपेठेत, तिथली गर्दी आणि गाडी लावायची मारामार धरून एक फेरी म्हणजे दीड तास गेलाच.

पण मला त्या वहीत सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच होतं. जवळजवळ प्रत्येक बेलच्या ओळीपुढे "चहा" लिहिलेलं. म्हणजे गिऱ्हाईक दारात आलं की ताई दुकानदार राहायच्याच नाहीत, यजमानीण व्हायच्या. या, बसा, पाणी, चहा, सासूबाईंची तब्येत, त्यांच्या मुलीचं सासर, मग माप. बाजारातला शिंपी तुम्हाला कधी बसा म्हणतो का हो? तो खांद्यावर टेप टाकून उभ्या उभ्या माप घेतो आणि गुरुवार सांगतो. ताईंचं दुकान घरात, आणि घरी आलेल्याला पाण्याशिवाय पाठवायचं नाही हे आपल्या हाडात मुरलेलं, मग करणार काय बिचाऱ्या. मला वाटतं घरून धंदा करणाऱ्या बाईचा वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो आणि कुठल्याच टाइमटेबलात हा रकाना नसतो.

ताईंनी स्वतः शोधलेला उपाय वेगळाच होता, दुसरी मशीन. कारागिरांसाठीच्या सरकारी पीएम विश्वकर्मा योजनेचं कुणीतरी सांगितलं होतं. 2023 मध्ये सुरू झालीय ती, 18 कामांमध्ये शिंपीकाम आहे, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत 5 टक्के व्याजाने. योजना वाईट नाहीच, ज्यांना खरंच हवं त्यांनी जरूर चौकशी करावी. पण मी विचारलं, ताई, एक मशीन चार तास चालतंय, दुसरं कोण चालवणार? त्या खूप वेळ गप्प होत्या. मग स्वतःच हिशेब करायला बसल्या, ब्लाउजचे 350 घेतात, अस्तर-दोरा-हुक 70 जाऊन उरले 280, आणि उठबस धरून एका ब्लाउजला जातात तीन तास. "म्हणजे मला तासाला शंभर पण नाही सुटत?" नाहीच.

पुढचं काही एका दिवसात झालं नाही. दाराबाहेर पाटी लागली, गुजराती आणि मराठीत, देणं-घेणं सकाळी 11 ते 12 आणि संध्याकाळी 6 ते साडेसात, रविवार बंद. अल्टरचं काम फक्त शनिवारी. मंगळबाजार सोमवारी एकदाच, यादी करून. जुन्या फोनमध्ये वेगळं सिम घालून त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस घेतलं, त्यात कामाच्या वेळेबाहेर आपोआप मेसेज जायची सोय असते, ती मुलानेच लावून दिली, आणि साडेसातनंतर तो फोन मशीनच्या ड्रॉवरमध्ये. तातडीच्या कामाला दीडपट पैसे. हे शेवटचं बोलायला त्यांना सगळ्यात जड गेलं, माझ्यासमोर बसून आम्ही चार वेळा ते वाक्य म्हणून बघितलं, मी गिऱ्हाईक झाले, चांगली चिवट झाले, आणि तीन वेळा त्या माझ्यासमोर "बरं, देते करून" म्हणाल्या.

"गिऱ्हाईक तुटेल" ही भीती खोटी नव्हती हेही सांगते. दोघी तुटल्या. शिवाय शेजारच्या एक काकू, ज्यांचे फॉल वर्षानुवर्षं फुकटात लागत होते, त्या आठ-दहा दिवस बोलल्या नाहीत. ताई फार अस्वस्थ होत्या तेव्हा, एक पूर्ण सेशन त्या काकूंवरच गेलं. दुसरं गिऱ्हाईक मिळतं, शेजार एकच असतो, म्हणून हा त्रास काही लहान नसतो आणि मी तो लहान आहे असं म्हटलंही नाही.

मला खरी आश्चर्याची गोष्ट वाटली ती सासूबाईंची. ताईंना वाटत होतं की आई पाटीवरून कटकट करणार, तर मी म्हटलं, त्यांनाच का नाही विचारत? आई दिवसभर ओट्यावर झोपाळ्यावर बसलेल्या असतात. त्यांना एक वही दिली, तयार पिशव्या त्यांच्याजवळ, नाव बघून द्यायची, पैसे घेऊन लिहायचे. नाही म्हणायचं काम सुनेला जमत नव्हतं, ते त्या इतक्या सहज करतात की काय सांगू, "बेन, पाटियुं वांचो ने", पाटी वाचा ना, एवढंच, आणि झोपाळ्याला परत पाय. गप्पा पण तिथेच होतात आता, आत मशीन चालू राहतं. मिस्टरांकडे एकच काम दिलंय, सेकंड शिफ्ट नसेल तेव्हा रात्रीच्या पोळ्या. गोल होत नाहीत म्हणे.

यंदाच्या नवरात्रात ताईंचा अष्टमीला फोन आला. नणंदेच्या सासरच्या चार चणियाचोळ्या नको म्हणता आल्या नाहीत म्हणून दोन रात्री दीड-दीड वाजेपर्यंत बसल्या होत्या, दीडपट पण मागितले नाहीत, ते सांगून हसत होत्या. पण पाचव्या आणि सातव्या रात्री मुलाबरोबर गरब्याला गेल्या, तीन वर्षांनी. आणि पाटीवर सासूबाईंनी खाली खडूने एक ओळ वाढवलीय, दुपारी 1 ते 4 बेल वाजवू नये, झोपले आहे.