साडेसात सेंटिमीटरची बाब

प्रिय मुली,

अठरा वर्षांखालील गटात 100 मीटर हर्डल्समध्ये, म्हणजे अडथळा शर्यतीत, तुझा हर्डल 76.2 सेंटिमीटर उंचीचा होता. आता वरच्या गटात तो 83.8 चा होईल. बाकी काही बदलत नाही. पहिला हर्डल 13 मीटरवर, मधलं अंतर साडेआठ मीटर, दहाव्या हर्डलपासून फिनिशपर्यंत साडेदहा मीटर. वाढ जेमतेम साडेसात सेंटिमीटरची. तरी पहिल्या आठवड्यात ट्रेल लेगच्या, म्हणजे हर्डलवरून मागून येणाऱ्या पायाच्या, गुडघ्याची आतली बाजू काळीनिळी होते, आणि मुली घाबरून उड्या मारायला लागतात. तुझं तसं होऊ नये म्हणून हे पत्र.

आधी पूर्व जर्मनीची धावपटू कारीन बाल्झर हिचा प्रवास नीट पाहा. तिची जन्मतारीख 5 जून 1938, गाव मागडेबुर्ग. तिच्या काळी बायकांची अडथळा शर्यत 80 मीटरची असे. हर्डल आठ, उंची तुझ्या आजवरच्या हर्डलइतकीच म्हणजे 76.2, मधलं अंतर 8 मीटर. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ती एकत्रित जर्मन संघातून धावली आणि सुवर्णपदक जिंकली. पहिल्या तिघींची अधिकृत वेळ एकच होती, 10.5 सेकंद. पोलंडची तेरेसा चेप्लाय दुसरी, ऑस्ट्रेलियाची पॅम किलबॉर्न तिसरी, आणि निकाल फोटो फिनिशवर लागला. चार वर्षांनी मेक्सिको सिटीत कारीन पाचवी आली. तिथे जिंकलेली मॉरीन केअर्ड सतरा वर्षांची होती. कारीन तेव्हा तिशीत होती, आणि त्यानंतर 80 मीटरची शर्यत ऑलिंपिकमधून गेलीच.

तिने थांबायचं ठरवलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण ती नव्या शर्यतीकडे वळली. 100 मीटर, दहा हर्डल, 83.8 ची उंची आणि मधे अर्धा मीटर जादा. 1969 मध्ये तिने 13.3 सेकंदांची जागतिक विक्रमी वेळ दिली. 31 जुलै 1971 रोजी बर्लिनमध्ये तोच आकडा 12.6 वर आला, तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. युरोपियन विजेतेपद तिने 1966 मध्ये जुन्या शर्यतीत मिळवलं होतं, 1969 आणि 1971 मध्ये नव्या शर्यतीत मिळवलं. 1972 ला म्युनिकमध्ये 100 मीटर हर्डल्स ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच झाली. तिच्याच देशाची आनेली एअरहार्ट 12.59 मध्ये जिंकली आणि चौतीस वर्षांची कारीन 12.90 मध्ये तिसरी आली.

12.6 आणि 12.90 पाहून ती मंदावली असं समजू नकोस. पहिली वेळ हाताच्या घड्याळाची, दुसरी इलेक्ट्रॉनिक. हातवेळेत साधारण 0.24 सेकंद मिळवल्यावरच दोन्हींची तुलना होते. जिल्हा स्पर्धेत स्टॉपवॉचवर मिळालेली तुझी वेळ वहीत लिहितानाही शेजारी 'हात' असा शेरा ठेव.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पूर्व जर्मनीत खेळाडूंना सरकारी यंत्रणेतून उत्तेजकं दिली जात होती, हे पुढे कागदपत्रांतून आणि खटल्यांतून सिद्ध झालं. म्हणून त्या काळातल्या वेळा भिंतीवर लावून त्यांच्या मागे धावू नकोस. त्या पिढीकडून घ्यायचं ते तंत्र.

आता तुझं काम. हर्डल उंच झाला की मन म्हणतं, जास्त उंच उडायला हवं. गाडी घसरते ती इथेच. हर्डल्स ही धावण्याची शर्यत आहे, आणि हर्डल म्हणजे त्या धावण्यातलं एक मोठं पाऊल. जादा उंची हवेत शोधायची नाही, ती जमिनीवरच कमवायची. हर्डलआधीचं शेवटचं पाऊल किंचित आखूड आणि झटपट पडलं पाहिजे, टाच टेकता कामा नये, कंबर वर राहिली पाहिजे. खुर्चीत बसल्यासारखी कंबर खाली ठेवून टेक ऑफ घेतलास, तर 76 वर निभावून जायचं. 84 वर पाय लागणारच.

टेक ऑफ हर्डलच्या साधारण दोन मीटर अलीकडे आणि लँडिंग एक मीटरच्या आसपास पलीकडे असावं. नवी मुलगी भीतीपोटी हर्डलच्या फार जवळ जाते. मग पुढचा पाय उचलायला जागा उरत नाही, शरीर सरळ वर फेकलं जातं, आणि उतरताना पाऊल कंबरेच्या बरंच पुढे पडतं. ते पाऊल ब्रेकसारखं काम करतं, आणि तिथून पुढच्या हर्डलपर्यंत तीन पावलं पुरत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या हर्डलला लय तुटते तेव्हा चूक बहुधा पहिल्याच हर्डलवर झालेली असते. ती तिथेच शोध.

साडेआठ मीटरमधून टेक ऑफ आणि लँडिंगचे तीन मीटर वजा केले की तीन पावलांना साडेपाच मीटरच्या आत-बाहेर उरतात. पहिलं पाऊल सगळ्यांत लहान, साधारण 1.6 मीटर, दुसरं सगळ्यांत लांब, दोनच्या आसपास, तिसरं पुन्हा थोडं कमी. पहिलं पाऊल फारच आखूड पडत असेल तर दोष ट्रेल लेगचा समज. गुडघा काखेकडे उंच येऊन समोर यायला हवा. तो हर्डल ओलांडताच बाजूला खाली पडला की कंबर वळते, खांदे वळतात आणि पाऊल लेनच्या कडेला पडतं. लीड लेगचं, म्हणजे हर्डलवरून आधी जाणाऱ्या पायाचं, सोपं आहे: आधी गुडघा वर, मग पोटरी उघडायची. सरळ पाय झोकलास तर तो झाडूसारखा फिरतो आणि वेळ खातो. समोरचा हात छातीवरून आडवा जाऊ देऊ नकोस.

सराव कसा करायचा? पहिले तीन आठवडे पाच हर्डल पुरेत. उंची 76.2 आणि मधलं अंतर 8 मीटर, म्हणजे कारीनची जुनी शर्यत. चार ते सहा फेऱ्या, प्रत्येकीनंतर पाच-सहा मिनिटं पूर्ण विश्रांती. दम लागलेला असताना हर्डल मारू नयेत, कारण थकलेलं शरीर चुकीची हालचाल पाठ करतं. नंतर पहिले दोन हर्डल 83.8 वर ने, बाकीचे खालीच ठेव. लय टिकली तर पाचही वर ने, पण अंतर 8.2 च्या पुढे नको. स्पर्धेत अंगात जोर असतो, समोर चुरस असते, पावलं आपोआप लांब पडतात. साडेआठ मीटर शेवटी, स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालून आणि स्टार्टिंग ब्लॉकमधून सुटूनच कर. ब्लॉकपासून पहिल्या हर्डलपर्यंत आठ पावलं पडतात. लीड लेग उजवा असेल तर ब्लॉकवर पुढे डावा पाय हवा. हे उलटं झालं की पहिल्या हर्डलपुढे मुली पाऊल चोरताना दिसतात.

वेळ घ्यायची ती हर्डलपलीकडे पाय टेकतो त्या क्षणाची. 14.4 ची शर्यत हवी असेल तर पहिला टेकाव साधारण 2.75 सेकंदांवर आणि पुढे प्रत्येक हर्डलला 1.15 च्या आसपास. शेवटच्या तीन हर्डलांना हा आकडा 1.25 वर गेला तर कमतरता वेगाच्या सहनशक्तीची आहे. तंत्राला दोष देऊ नकोस.

हर्डल लावताना त्याचे पाय तू येतेस त्या बाजूला हवेत. वरच्या आडव्या पाटीला साधारण पावणेचार किलोचा जोर लागला की तो पुढे पडतो, तशीच त्याची रचना असते. उलटा लावलेला हर्डल पडत नाही, तो तुला पाडतो. शाळेच्या मैदानावर वेल्ड केलेले लोखंडी सांगाडे असतील तर त्यांवर 83.8 चा सराव अजिबात करू नकोस. पाटीला फोमची पट्टी बांध, म्हणजे गुडघा वाचेल. शर्यतीत पाटीला पाय लागून हर्डल पडला तर बाद करत नाहीत. हाताने, अंगाने किंवा लीड लेगच्या वरच्या बाजूने पाडलास, किंवा ट्रेल लेग बाहेरच्या बाजूने पाटीच्या पातळीखालून नेलास, तर करतात.

पहिल्या आठवड्याचा व्हिडिओ बाजूने काढून घे, तिसऱ्या हर्डलच्या रेषेत, कंबरेच्या उंचीवरून. टेक ऑफच्या जागी खडूने खूण कर. ती खूण हर्डलपासून 1.8 मीटरच्या आत आली असेल तर उंची वाढवू नकोस, आणखी एक आठवडा 76 वरच राहा.

तुझे,
हर्डल्सचे मार्गदर्शक