गाडी घ्या, पण मार्चचा हप्ता भरू नका

प्रश्न : वय २९, साताऱ्यात एमआयडीसीत नोकरी, पगार हातात ४६ हजार. घरी आई-वडील, पत्नी आणि एक वर्षाची मुलगी. घर वडिलांचं, महिन्याचा खर्च ३० हजार. पावसात मुलीला दुचाकीवरून दवाखान्यात न्यावं लागतं म्हणून पहिली गाडी बघतोय : मे २०१३ ची वॅगन आर एलएक्सआय, पेट्रोल, ५८ हजार किलोमीटर फिरलेली. मालक २ लाख ६० हजार म्हणतो. माझी ३ लाख २० हजारांची एफडी आहे. ती मोडू, की १४ टक्क्यांनी कर्ज काढू? तीन वर्षं वापरून दोन लाखांना विकेन. शिवाय मार्च २०२४ पासून वर्षाला ७२ हजारांची पॉलिसी चालू आहे. तीन हप्ते भरले की पैसे काढता येतात आणि टॅक्सही वाचतो, असं बँकेतल्या मॅडमनी सांगितलंय. ते पैसे घालून मग नवी गाडी.

उत्तर : कर्ज नको. हप्ता जवळपास ९ हजार बसेल आणि तीन वर्षांत ६० हजार व्याज जाईल, तेही तेरा वर्षं जुन्या गाडीवर. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण पत्रातली खरी गोष्ट तुम्ही शेवटच्या तीन ओळींत, जाता जाता सांगून टाकली आहे.

तुम्ही पॉलिसीची पहिली दोन पानं पाठवलीत ते बरं झालं. दहा वर्षं हप्ते, वीस वर्षं मुदत, विमा ७ लाख २० हजारांचा. दोन हप्ते भरून झालेत, म्हणजे १ लाख ४४ हजार. तिसरा भरल्यावर २ लाख १६ हजार होतील आणि ते बोनससकट परत मिळतील, असं तुम्ही धरून चालला आहात. मॅडम खोटं बोलल्या नाहीत. पैसे 'काढता येतात'. किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. तुम्ही ती घेतलीत त्या वेळच्या नियमाने अशी पॉलिसी दोन हप्त्यांनंतर सोडली तर भरलेल्या रकमेच्या किमान ३० टक्के मिळतात, म्हणजे ४३ हजार. तिसऱ्यानंतर ३५ टक्के, म्हणजे ७५ हजार. कंपनी थोडं जास्त देईलही, पण तुमच्या मनातल्या अडीच लाखांच्या जवळपास काही जात नाही. पुढच्या महिन्यात तुम्ही ७२ हजार भरणार आणि हाताशी येणारी रक्कम ३२ हजारांनी वाढणार. असा सौदा तुम्ही भाजी मंडईत तरी कराल का?

आणि टॅक्स कसला? कपातीआधीचं तुमचं वर्षाचं उत्पन्न सव्वासहा लाखांच्या आसपास. २०२३-२४ मध्येच नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंत कर शून्य होता, आता तर बारा लाखांपर्यंत शून्य आहे. जो कर लागतच नव्हता तो वाचवायला तुम्ही वर्षाला ७२ हजार बांधून घेतलेत. मार्च महिन्यात बँकेत पासबुक भरायला गेलेला माणूस पॉलिसी घेऊन बाहेर पडतो, हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा पाहिलंय की आता रागही येत नाही. खरं तर येतो.

विमा म्हणून बघाल तर आणखी वाईट. तुम्हाला काही झालं तर ७ लाख २० हजारांत घरखर्च दोन वर्षं चालेल. मुलगी तेव्हा तीन वर्षांची असेल. तुमच्या वयाला, निर्व्यसनी असाल तर, एक कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) वर्षाला दहा-बारा हजारांत मिळतो आणि सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. आधी तो घ्या. पॉलिसी हातात पडू द्या, मगच जुनीचा हप्ता थांबवा. क्रम उलटा करू नका. जुनी सरळ सोडायची की हप्ते बंद करून 'पेड-अप', म्हणजे कमी रकमेच्या विम्यावर मुदतीपर्यंत चालू ठेवायची, यासाठी दोन्हीचे आकडे कंपनीकडून लेखी मागवा. माझ्या हिशेबाने फार फरक नाही, तरी मी असतो तर सोडून मोकळा झालो असतो. खात्यातून हप्ता आपोआप कापला जात असेल तर ती परवानगी आधी रद्द करा. मग 'सर, फक्त हा एक हप्ता भरा' असा फोन येईल. येऊ द्या.

आता गाडी. खर्च जाऊन तुमच्याकडे १६ हजार उरतात, त्यातले ६ हजार पॉलिसीचे. महिन्याला ८०० किलोमीटर धरले तर पेट्रोल साडेपाच हजार, वर अडीच हजार टायर, बॅटरी, क्लच, विमा यांच्या नावाने बाजूला. झाले आठ. पॉलिसी आणि गाडी दोन्ही चालवलीत तर हातात उरतात दोन हजार, म्हणून एकच ठेवा. मार्चच्या ७२ हजारांतून १२ हजार टर्म विम्याला, ६० हजार गाडीला. एफडीतून फक्त १ लाख ६० हजार मोडा, उरलेले पाच महिन्यांचा घरखर्च म्हणून राहू द्या. गाडीचा आकडा झाला २ लाख २० हजार. तेवढ्यात देत नसेल तर दुसरी बघा. वॅगन आर साताऱ्यात पैशाला पासरी आहेत.

दोन लाखांना विकायचं स्वप्न सोडा. मे २०२८ ला या गाडीची पंधरा वर्षं भरतात. मग फिटनेस तपासणी, नोंदणीच्या नूतनीकरणाचे पाच हजार आणि वर पर्यावरण कर, तेव्हा कुठे पुढची पाच वर्षं. २०२९ मध्ये कुणी साठ-सत्तर हजार दिले तरी हसत घ्या. या एलएक्सआयला एअरबॅग नाही, हेही घरात सांगून ठेवा. गाडी दवाखान्याला आणि पावसाला आहे, रात्री हायवेवरून मुंबई गाठायला नाही.

आरसीबरोबर (गाडीचं नोंदणीपत्र) विमाही चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करा. माझ्या एका ग्राहकाने आरसी बदलली, विमा जुन्या मालकाच्याच नावावर राहिला, आणि गाडी धडकली तेव्हा बंपर-बॉनेटचा सगळा खर्च त्याच्या खिशातून गेला. मालकाचा नो-क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र त्याच्याबरोबर जातो, तो तुम्हाला मिळत नाही.

५८ हजार किलोमीटरवर लगेच विश्वास ठेवू नका. क्लच पेडलचं रबर बघा. ते झिजून गुळगुळीत झालं असेल तर मीटर काहीही म्हणो, गाडी जास्त फिरलीय. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा, तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. २०१८ चे टायर निघाले तर पंधरा हजार किमतीतून वजा करा. मेकॅनिकला घेऊन सकाळी जा, इंजिन थंड असताना. मालकाने आधीच चालू करून तापवून ठेवली असेल तर राजवाड्यावर चहा घ्या आणि दोन-तीन तासांनी, न सांगता परत जा.