“मॅडम, ते उघडंच होतं”

“माझा मुलगा हॅकर झालाय का?” सल्ल्यासाठी आलेल्या, नववीतल्या मुलाच्या आईने बसता बसताच विचारलं.

घडलं ते असं. शाळेच्या संगणक प्रयोगशाळेत वर्गातली एक मुलगी लॉग आउट न करता उठून गेली. पुढच्या तासाला त्याच संगणकावर हा मुलगा बसला. त्याने तिचा प्रकल्प उघडला, प्रत स्वतःच्या खात्यात घेतली आणि जाता जाता तिच्या नावाने वर्गाच्या ग्रुपवर एक ‘गमतीचा’ मेसेज टाकला. त्यात एका मुलाचं नाव होतं. पुढे दोन्ही प्रकल्पांत आकृतीचा एकच क्रमांक सारखाच चुकलेला शिक्षकांना दिसला आणि सगळं बाहेर आलं. वडिलांनी मोबाईल काढून घेतला, घरचं वाय-फाय बंद केलं. मुलगा बोलेनासा झाला.

हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुष्कळ पालक विचारतात, म्हणून हा अनुभव ओळख पटेल असे तपशील गाळून मांडला आहे. आईला दिलेलं उत्तर सरळ होतं: तो हॅकर नाही, पण घडलं ती गंमतही नाही. त्याने तीन वेगळ्या गोष्टी केल्या होत्या. दुसऱ्याच्या खात्यात शिरला, तिचं काम उचललं आणि तिच्या तोंडून स्वतःचे शब्द बोलला. घरात सगळी चर्चा प्रकल्पाची, कारण गुण गेले होते. त्या मुलीला मात्र प्रकल्पाचं फारसं काही नव्हतं. चार दिवस वर्गात तिच्याकडे बघून मुलं हसत होती ती त्या मेसेजमुळे. पालकांचं लक्ष जिथे जातं तिथेच सगळ्यात मोठी जखम असते असं नाही.

पहिल्या भेटीत मुलाशी एकट्याशी बोलणं झालं. त्याला कागद दिला आणि लॅबमध्ये बसल्यापासून उठेपर्यंत काय झालं ते क्रमाने, शक्य तिथे वेळेसकट लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं: “खातं उघडं होतं. फाइल दिसली. कॉपी झाली. मेसेज गेला.” आपल्या भाषेत ही सोय फार मोठी आहे, करणारा वाक्यातून अलगद निसटतो. त्याला प्रत्येक वाक्य ‘मी’पासून सुरू करून पुन्हा लिहायला सांगितलं. “मी फाइल उघडली”पर्यंत तो पटकन आला. “मी तिच्या नावाने मेसेज पाठवला” हे लिहायला बराच वेळ लागला. ओरडून जे झालं नव्हतं ते त्या एका क्रियापदाने झालं.

तरी “मॅडम, मी पासवर्ड तोडला नाही, ते उघडंच होतं” हे त्याचं म्हणणं उरलंच. मुलं हे खोटेपणाने म्हणत नाहीत, म्हणून त्याला तांत्रिक उत्तर द्यावं लागतं. लॉग इन केल्यावर सर्व्हर, म्हणजे ती सेवा चालवणारा दूरचा संगणक, ब्राउझरला एक ओळखखूण देतो, तिला कुकी म्हणतात. टॅब बंद केला तरी ती राहते. पुष्कळ सेवांमध्ये ब्राउझर बंद केल्यावरही टिकते. ती असेपर्यंत समोर कोण बसलंय हे सर्व्हरला कळत नाही. म्हणजे यंत्राने त्याला परवानगी दिलीच नव्हती, यंत्र त्याला ती मुलगी समजत होतं. परवानगी फक्त तीच देऊ शकत होती आणि ती तिथे नव्हती. अशा वेळी करण्यासारखं एकच: काही न वाचता लॉग आउट करायचं आणि तिला किंवा शिक्षकांना सांगायचं.

‘मला कुणाला त्रास द्यायचा नव्हता’ या म्हणण्यासाठी रॉबर्ट मॉरिसचं उदाहरण उपयोगी पडतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या या विद्यार्थ्याने २ नोव्हेंबर १९८८ रोजी स्वतःहून पसरणारा एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. फाइली पुसण्याची आज्ञा त्यात नव्हती. पण यंत्रावर आपली प्रत आधीच आहे असं उत्तर आलं तरी सातांतून एकदा ती पुन्हा बसवायची, असं त्याने लिहिलं होतं. ते प्रमाण भलतंच जास्त ठरलं. एकेका यंत्रावर प्रती साचल्या आणि हजारो यंत्रं रेंगाळून बंद पडली. त्याच्या एका मित्राने क्षमा मागणारा आणि उपाय सांगणारा निनावी संदेश धाडला, पण जाळंच तुंबल्याने तो वेळेवर पोहोचला नाही. मॉरिसला ३ वर्षांची परिवीक्षा (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याची शिक्षा), ४०० तास समाजसेवा आणि दंड झाला. पुढे तो अमेरिकेतल्याच एमआयटी या विद्यापीठात प्राध्यापक झाला. मुलाने यातला पहिला भाग नीट ऐकावा आणि आईने शेवटचा.

यानंतर निस्तरण्याचं काम, आणि त्यात क्रम महत्त्वाचा असतो. मुलाने घाबरून आपल्याकडची प्रत पुसून टाकली होती. हे जवळजवळ प्रत्येक वेळी होतं आणि नुकसानच करतं, कारण नेमकं काय नेलं होतं हे मग त्या मुलीला कधीच कळत नाही. गूगल ड्राइव्हमध्ये पुसलेली फाइल ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते, म्हणून ती परत आणता आली. शिक्षकांसमोर मेसेजचा वेळेसकट स्क्रीनशॉट घेतला, फाइलची व्हर्जन हिस्टरी (केव्हा काय बदललं याची नोंद) पाहिली, आणि मगच प्रत कायमची पुसली.

मुलीने शिक्षकांच्या मदतीने सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट केलं आणि नवा पासवर्ड ठेवला. लोक बहुतेक इथेच थांबतात. पण पासवर्ड विसरल्यास खातं परत मिळवण्यासाठी जोडलेला रिकव्हरी फोन व ईमेल, मेल दुसरीकडे वळवणारा फॉरवर्डिंगचा नियम आणि फाइली कुणाकुणाशी शेअर आहेत ती यादी, हेही बघावं लागतं. फॉरवर्डिंग किंवा शेअरिंग कुणी बदललेलं असेल, तर पासवर्ड बदलून ते जात नाही. “तू लॉग आउट का केलं नाहीस?” हे तिला कुणी विचारू नये, असंही शाळेला आवर्जून सांगितलं. लॉग आउट करायचं सगळ्यांना शिकवा, पण ते दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी.

ग्रुपवर मुलाने स्वतःच्या नावाने दोन ओळी टाकल्या: तो मेसेज मी पाठवला होता, तिने नाही. मूळ मजकूर पुन्हा लिहायचा नाही, हसरा चेहरा लावायचा नाही. क्षमेचं पत्र चौथ्या खेपेला जमलं. ‘चुकून’, ‘पण’ आणि ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हे तिन्ही काढावे लागले. उरलं ते काय उघडलं, काय घेतलं, काय पुसलं आणि ग्रुपवर काय सांगितलं, एवढंच. पत्र घ्यायचं की नाही हे मुलीने ठरवायचं होतं. समोरासमोर उभं करून “झालं गेलं विसरा” म्हणायला लावणं हा तिच्यावर दुसरा अन्याय झाला असता.

प्रकल्प त्याने नव्याने केला. शब्द बदलले की नक्कल राहत नाही, असं त्याला खरंच वाटत होतं. म्हणून पद्धत दिली: एक परिच्छेद वाचायचा, पान बंद करायचं, दहा मिनिटांनी आठवेल तसं लिहायचं, मग आकडे ताडून पाहायचे आणि माहिती कुठून घेतली ते तिथेच नोंदवायचं. एआयची मदत घ्यायची तर आधी शिक्षकांना विचारायचं, आणि कशासाठी घेतली ते प्रकल्पात लिहायचं.

वडिलांना मुलाच्या फोनवर गुपचूप नजर ठेवणारं ॲप टाकायचं होतं. त्याला स्पष्ट विरोध केला. न विचारता दुसऱ्याच्या खात्यात डोकावू नये हे शिकवताना तेच करणं मुलाला लगेच दिसतं. त्याने आधीच विचारलं होतं, “बाबा मावशीच्या पासवर्डने सिनेमे बघतात ते चालतं?” देखरेख हवी तर ती सांगून करावी: संगणक बैठकीच्या खोलीत, वापराची वेळ ठरलेली, आणि काय तपासलं जाईल हे त्याला माहीत असलेलं. मोबाईल आठवड्याने परत दिला. वाय-फाय मात्र लगेच सुरू केलं, कारण ते बंद असल्याने प्रकल्पच अडला होता.

सहा आठवड्यांनी तो पुन्हा आला. मुलीने पत्र घेतलं होतं, उत्तर दिलं नव्हतं. “ती बोलत नाही, आता काय करू?” असं त्याने विचारलं. तिला विचारायला जाऊ नकोस, दुसऱ्या कुणाला विचारायला लावू नकोस, असं त्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने एक नवी गोष्ट सांगितली: आदल्या आठवड्यात लॅबमध्ये कुणाचं तरी खातं उघडं दिसलं, “मी लॉग आउट केलं.”